आर्लिससाठी सपाट जागा

२७ जानेवारी, सकाळ
टूसॉन अजून तासाभरावर. मोटरहोम, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, हायवेच्या कडेला उभं केलंय. बायकोच्या, आर्लिसच्या, हृदयाची झडप बदलायची आहे, ४ फेब्रुवारीला. तोपर्यंत हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत राहा, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे जागा नीट निवडायला हवी. आयुष्यभर नॉर्थ डकोटात विमा विकला, धोका मला लांबून कळतो.

अटी: जमीन सपाट. वारा कमी. दार पूर्वेला. शेजारी जनरेटरवाला नको. आणि गाडी सरळ आत, सरळ बाहेर. रिव्हर्स येत नाही असं नाही, गरज काय?

आर्लिस घाबरलेली आहे बिचारी. दाखवत नाही. रात्रभर शांत झोपली होती. मी तिचा श्वास ऐकत जागा होतो. कुणीतरी जागं राहायला हवं ना.

२७ जानेवारी, दुपार
जनेलचा फोन. आमची मुलगी, टूसॉनमध्येच असते. म्हणे, बाबा, हॉस्पिटलच्या मागेच मोटरहोमसाठी जागा ठेवल्यात, पेशंटच्या लोकांसाठी, वीज-पाणी सगळं आहे. एक फोन केला की झालं.

नाही म्हणून सांगितलं. हॉस्पिटलच्या आवारात राहून धडधाकट माणूस आजारी पडतो. जनेल म्हणाली, पण बाबा, आई आजारी आहेच. हिला लहानपणापासून उलट बोलायची सवय.

२८ जानेवारी
शहरात रत्नं-दगडांची जत्रा भरलीय. जगभरचे लोक दगड घ्यायला आलेत आणि सगळे मोटरहोम पार्क फुल्ल. एकाच ठिकाणी एक जागा निघाली. तिथल्या मॅनेजरबाईंनी विचारलं, गाडी किती जुनी? दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर आधी फोटो पाठवा.

आमची गाडी आमच्या नातवापेक्षा जुनी आहे. धुतली, पुसली, चांगल्या बाजूने फोटो काढला, पाठवला.

बाईंचं उत्तर: दुसरी बाजू?

दुसऱ्या बाजूला पॅकिंग टेपने बसवलेली खिडकी आहे. अशा माणसांच्या शेजारी आर्लिसला ठेवायचंच नव्हतं मला. एरवीही दार पश्चिमेला आलं असतं.

२९ जानेवारी
जनेलच्या घरासमोर लावली. रिव्हर्स घेताना तिची पत्रपेटी मध्ये आली. ती चुकीच्या जागी होती. आर्लिस मागे उभी राहून हात दाखवत होती, थांब थांब करत. मी आरशात तिच्या हातांकडे बघायचं सोडून तिच्या ओठांकडे बघत बसलो. निळसर वाटले. उन्हामुळे असतील.

गाडीच्या खिडकीतून हॉस्पिटल दिसतं. अख्खं. आर्लिस त्याच्याकडे बघत निवांत चहा प्यायली. तो बघ सहावा मजला, तिथे नेणार मला, म्हणाली. मी पडदा ओढला. डोळ्यांवर तिरीप येत होती.

संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीबाई आल्या, काखेत कुत्रं. नियमाप्रमाणे मोटरहोम दारात एका रात्रीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. जनेल त्यांच्याशी भांडायला निघाली. आईचं ऑपरेशन आहे, लाज नाही का वाटत, वगैरे. बाई वरमल्या. चार दिवस राहा, म्हणाल्या.

मीच म्हटलं, नको, नियम म्हणजे नियम. जनेल माझ्याकडे बघतच राहिली.

३१ जानेवारी
कसिनोचा पार्किंग लॉट. प्रशस्त, दिवे आहेत, कुणी हटकत नाही. जमीन मात्र तिरपी. सपाटी मोजायची लेव्हल बॉटल ठेवली, बुडबुडा डावीकडे. चाकांखाली लाकडाचे ठोकळे घातले, बुडबुडा उजवीकडे. पुन्हा काढले. आर्लिस दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, मर्ल, झडप माझी बदलायची आहे, गाडीची नाही.

विनोद करून ती भीती लपवते. मी ओळखून आहे.

दुपारी एका म्हाताऱ्याला ॲम्ब्युलन्सने नेलं. चेहऱ्यावर मास्क, बायको मागे धावतेय, तिच्या हातात त्याचा एकच बूट. जागा एकदम गोंगाटाची आहे हे तेव्हा लक्षात आलं. अर्ध्या तासात निघालो. आर्लिसचं जेवण अर्धवट राहिलं.

१ फेब्रुवारी
सापडली! डोंगरापलीकडे सरकारी मोकळी जमीन. फुकट. निवडुंग, आभाळ आणि आम्ही. बुडबुडा बरोब्बर मध्ये. दार पूर्वेला. फोनला रेंज नाही, म्हणजे शांतता.

हॉस्पिटल दीड तासावर आहे हे खरं. पण डॉक्टरांचा अर्धा तास सरासरीचा असणार. पहाटे रस्ता मोकळा असतो.

जरा लांब ऑरविल नावाचा एक दाढीवाला राहतो, जुना ट्रेलर, त्याहून जुना ट्रक. येऊन म्हणाला, काका, वाळूत कशाला घातलीत? तिकडे खडी आहे. मी त्याला लेव्हल बॉटल दाखवली. त्याने आधी बॉटलकडे पाहिलं, मग आर्लिसकडे. काकूंची तब्येत बरी नाही का, म्हणाला. मी म्हटलं, उत्तम आहे. आर्लिस म्हणाली, मंगळवारी छाती फाडणार आहेत माझी, कॉफी घेणार का?

तो कॉफी घेऊन बराच वेळ बसला. दोघं खिदळत होती. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मागची चाकं थोडी बसली आहेत. बरंच झालं, वाऱ्याने हलणार नाही.

२ फेब्रुवारी
आर्लिस रात्री बसूनच झोपली. आडवं झालं की दम लागतो म्हणे. पाय सुजलेत, चप्पल जात नाही. सकाळी बघतो तर हिने बॅग भरून दाराशी ठेवलेली. आज निघू या, म्हणाली. म्हटलं, उद्या. आज रविवार, शहरात जत्रेची गर्दी.

मग सरळ विचारलं तिने, तुला भीती वाटतेय का रे?

कसली?

ती माझ्या हातावर हात ठेवून बसली. मी उठलो, टायर तपासले. चारी तपासले, मग पुन्हा तपासले. हवा ठीक आहे. मागचे दोन निम्मे वाळूत आहेत. फावड्याने वाळू काढली, तितकीच परत आली.

आत आलो तर ती मला गाडीची कागदपत्रं कुठे आहेत, गॅस कसा बंद करायचा, माझे सॉक्स कुठल्या खणात आहेत ते सांगायला लागली. म्हटलं, मला हे सगळं कशाला सांगतेस? चिडलोच. तिच्यावर कधी ओरडत नाही मी, आज ओरडलो. ती म्हणाली, बरं, नाही सांगत.

उद्या नक्की निघायचं. ठरलं. नाश्ता करून. फार तर जेवून.

३ फेब्रुवारी, हॉस्पिटल
सकाळी तिला वाक्य पुरं करता येईना. मर्ल, म्हणाली आणि थांबली. पुढचं आलंच नाही.

मी ऑरविलकडे पळत गेलो. काय बोललो आठवत नाही. त्याने साखळी लावली, ट्रकने ओढून गाडी बाहेर काढली. ठोकळे, खुर्च्या, लेव्हल बॉटल सगळं तिथेच राहिलं. काकूंना घेऊन आधी निघा काका, तो ओरडत होता, सामानाला मरू दे. रेंज आल्यावर जनेलला फोन केला. रस्ता आठवत नाही. सिग्नल तोडले असावेत. आर्लिसचा हात माझ्या गुडघ्यावर होता, गार.

आता वेटिंग रूममध्ये. ऑपरेशन उद्यापर्यंत थांबू शकत नाही म्हणाले, आत नेलंय. नेताना मास्क बाजूला करून तिने विचारलं, गाडी नीट लावलीस ना? म्हटलं, मस्त जागा आहे, सपाट.

डॉक्टर म्हणाल्या, आठवडाभर जवळ असतात तर एवढं झालं नसतं. शांतपणे म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला भीती वाटते. २७ तारखेपासून वाटते. त्याच्या आधीपासून वाटते. तिला नव्हती वाटत, मलाच वाटत होती. झालं लिहून.

३ फेब्रुवारी, दुपार
अजून दार उघडलं नाही. जनेल येऊन शेजारी बसलीय. माझी बाही धरून ठेवलीय, लहान असताना धरायची तशी.

लाउडस्पीकरवर कोकलतायत. तपकिरी पट्ट्यांची मोटरहोम, ॲम्ब्युलन्सच्या दारात आडवी, इंजिन चालू, दार उघडं, ज्यांची असेल त्यांनी ताबडतोब हलवावी. काय एकेक लोक असतात! अरे, अशा वेळी तरी डोकं ठिकाणावर ठेवा.

पुन्हा सांगतायत. नॉर्थ डकोटाची पाटी म्हणे.

गार्ड आला. मला विचारलं, तुमची का? नाही म्हणालो. मी उठलो आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं तर? जनेल म्हणाली, हो, यांचीच. गार्ड चिडला नाही. द्या किल्ली, मी हलवतो, म्हणाला. किल्ली गाडीतच आहे म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, कुठे लावू?

म्हटलं, कुठेही लाव रे बाबा.

४ फेब्रुवारी
सकाळी आर्लिसने डोळे उघडले. नळी काढल्यावर पहिला प्रश्न: गाडी कुठे आहे?

म्हटलं, माहीत नाही.

ती हसली. टाके दुखले. मला शिवी घातली. नर्स म्हणाली, आता काळजी नाही.