झऱ्यावरचं हसू

४ ऑक्टोबर
आले एकदाची डोंगरावर! लग्न होऊन महिना झाला, तरी पिरेयस बंदरात माहेरीच होते. आता पार्निथा डोंगराच्या रानातल्या या गिर्यारोहकांच्या निवाऱ्याची मी घरधनीण. नवरा, स्त्रातोस, इथला रखवालदार. खिडकीतून खाली अख्खं अथेन्स साखर सांडल्यासारखं दिसतं. स्वयंपाकीण पोलिक्सेनीबाईंनी घेवड्याचं गरम सूप वाढलं आणि टोमणाही मारला, कोळ्याच्या पोरी, इथे मासळी नाही, नुसती हरणं आहेत, आणि ती पाहायची असतात, खायची नसतात! खूप हसलो.

९ ऑक्टोबर
रविवारची गर्दी. लाल जाकिटातल्या एका पोरीशी स्त्रातोस केवढा बोलत होता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. झऱ्याच्या वाटेवर त्याला गाठून तोंडाला येईल ते बोलले. पोलिक्सेनीबाईंनी दंडाला धरून आत नेलं. म्हणाल्या, झऱ्याजवळ नवऱ्याशी भांडू नये गं. तिथे ऐकणारं कुणीतरी आहे, आणि ते आपल्याहून गोड बोलायला शिकतं. म्हातारीचं काहीतरीच.

१३ ऑक्टोबर
स्त्रातोस रोज दुपारी पाणी आणायला जातो तो तास तास येत नाही. येतो तेव्हा शीळ घालत. आज धुक्यातून मागे गेले. देवदारांआड बाईचं हसू ऐकू आलं. हळू, लाडिक. जवळ गेले तर हा दगडावर एकटाच. घरी आल्यावर विचारलं, कोण ती? तो गोंधळला. म्हणाला, अगं, तूच नव्हतीस का?

१५ ऑक्टोबर
आज पुन्हा तेच. म्हणतो, झऱ्यावर इतकी प्रेमाने वागतेस, मग घरीच तोंड वाकडं का? मी दुपारभर स्वयंपाकघरात कांदे सोलत होते. पोलिक्सेनीबाई साक्षीला आहेत. त्यांनी ऐकलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि बोचकं बांधलं. मलाही म्हणाल्या, चल खाली. नाही गेले. नवरा त्या भवानीला आंदण देऊ?

१६ ऑक्टोबर
झऱ्यावर पाहिली तिला. माझाच चेहरा. माझाच निळा रुमाल — माझा तर माझ्या डोक्यावर होता. ती त्याच्या कोटाचं बटण लावत होती, आणि तो तिच्याकडे असा बघत होता — माझ्याकडे कधीच नाही बघितलं तसं. कधीच नाही. मी दगड उचलून फेकला. तिला नाही, त्याला लागला. कपाळ फुटलं. तिने रुमालाच्या टोकाने रक्त पुसलं. मग माझ्याकडे बघून हसली.
मला तसं हसता येत नाही.

१७ ऑक्टोबर
निवाऱ्याला आतून कडी. मी सरपणाच्या खोपटात आहे. दार वाजवलं तर स्त्रातोसने आतून विचारलं, कोण? म्हटलं, मी, असिमिना. तो घाबरून म्हणाला, असिमिना इथे माझ्याजवळ आहे. तू जा.
मला भ्याला तो —

धुकं दाट होतंय. खोपटाच्या फटीतून समोरच्या खिडकीत दोघं दिसतात. तो जेवतोय. ती भरवतेय. माझ्या ताटातून —

निवाऱ्याचं दार उघडलं. एकटीच येतेय. हातात माझी शाल. म्हणते, थंडी वाजत असेल ना गं —

लाकडं सरकवतेय. माझ्याच आवाजात विचारतेय, इतका वेळ काय लिहि —