बंदीच्या चौकोनातले ओरखडे

३ मार्च, सकाळी
आजपासून जळायचं नाही. संकल्प! ट्रॉलरची जाळी समुद्राचा तळ कसा खरवडतात, याचा नकाशा मी सतरा वर्षं काढतोय. सात महिन्यांपूर्वी ऑफिसात आलेल्या हुशारबाईने (नाव मीच ठेवलंय) तोच पुन्हा काढला, एवढंच. साहेबांनी माझा उतरवून तिचा लावला. खिळाही माझाच वापरला.

३ मार्च, दुपारी
जळलो.

७ मार्च
मासेमारी समितीपुढे एकच नकाशा जाणार. तो माझाच. तिचा रंगीत आहे, पण रंगांना कोण भुलतं? साहेब भुलले. डबा द्यायला आलेली बायकोसुद्धा भुलली. रात्री मी रागाने जेवण अर्ध्यावर टाकलं. मग उठून संपवलं.
शिवाय माझे फोटो! नोव्हेंबरात समुद्रातल्या ट्रॉलरबंदीच्या चौकोनात बोटीमागे कॅमेऱ्याची दोन पट्ट्यांवर घसरणारी लोखंडी गाडी थेट तळाला टेकवून ओढली. बारा फेऱ्या. हुशारबाई गाडी वरच्यावर तरंगत ठेवते. भित्री.

१२ मार्च
घबाड! आवाजाच्या लहरींनी तळ टिपणाऱ्या सोनार यंत्राच्या नव्या चित्रात त्याच चौकोनात ओरखडे. जोडीजोडीने, समांतर, बारा जोड्या. दहा वर्षं तिथे ट्रॉलरला बंदी आहे. म्हणजे चोरटा ट्रॉलर! तिच्या नकाशात तो चौकोन निरोगी हिरवा आहे. आता बघतोच.

१३ मार्च
तिला सांगायचं नव्हतं, पण तिचं तोंड बघायचं होतं. तिने विचारलं, दोन ओरखड्यांत अंतर किती? सव्वा मीटर, मी तोऱ्यात म्हणालो. ती म्हणाली, सर, ट्रॉलरच्या जाळ्याचं तोंड फाकवणाऱ्या दोन फळ्यांत तर कितीतरी जास्त असतं ना? लहान ट्रॉलर असेल, मी म्हणालो. कोणाचा, खेकड्यांचा? असं म्हणून हसली.
मत्सराने माणूस किती खालच्या पातळीला जातो!

१९ मार्च
समितीत चोरट्या ट्रॉलरवर चाळीस मिनिटं बोललो. साक्षीला आमच्या बोटीचा कप्तान मीच बोलावला होता. तो चित्र बघून मला म्हणाला, साहेब, ही तर आपलीच गाडी. मी ओरडत होतो उचला म्हणून, तुम्ही म्हणत होता अजून खाली, अजून खाली.
समितीला पाणी देण्यात आलं. हसून ठसका लागला होता.

२० मार्च
नकाशा तिचाच गेला. हिरव्या चौकोनात तिने बारा बारीक लाल दुहेरी रेघा काढल्यात. सूचीत लिहिलंय : सर्वेक्षणाच्या गाडीचे ओरखडे, भरून यायला अंदाजे वीस वर्षं. माझं नाव का नाही, मी विचारलं. राहू द्या हो सर, ती हळूच म्हणाली.
सतरा वर्षांत पहिल्यांदाच माझं काम टिकणारं झालं, तर तेही तिच्या नकाशात.