आरशातली सोबतीण

ती. आईला धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण तुझी शाल पुरते. तुझा गुडघा कसा आहे?

इथे स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात आमचं संशोधन चालतं, हे तुला ठाऊक आहेच. आरशातला स्वतःचा चेहरा ओळखू येत नाही म्हणून बरेच जण घाबरतात, असं आम्हाला आढळलं. त्यावरून सरकारने नियम केला आणि सगळ्या खोल्यांतले आरसे निघाले. मीही खूश होते.

पण शिवणकाम करणारी एक आजी जेवेनाशी झाली. दारोदार विचारायची, "माझी सोबतीण कुठे गेली?"

शेवटी मी इथल्या साहेबांशी भांडून तिचा आरसा परत लावला. आजी खुलली, आरशाशी कुजबुजायला लागली. मग माझ्या प्रतिबिंबाकडे बोट दाखवून तिने आरशातल्या बाईला विचारलं, "ही तुझ्यामागे कोण गं?" कान देऊन ऐकलं आणि वळून मला म्हणाली, "ती म्हणते, तुझ्याही घरी कुणीतरी वाट चुकलंय."

आई, बाबांच्या आजाराचं मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही. योगायोग असेल, पण अंगावर काटा आला.

आता नियम बदलतोय. आधी प्रत्येक माणसाचा कल बघायचा, मगच आरसा काढायचा.

कपाटाचा आरसा झाकू का, असं तू विचारलंस. बाबा त्यातल्या माणसाला घाबरतात, की त्याच्याशी गप्पा मारतात? गप्पा मारत असतील तर राहू दे.

आणि तो काय म्हणतो, तेही कळव.

तुझीच,
धाकटी