हॉटेलचे पडदे

प्रिय दादा,

प्रिय लिहिलं खरं, पण आज माझं डोकं फिरलंय. हॉटेलच्या मॅनेजरबाई पडद्यांची ऑर्डर घेऊन माझ्या दुकानात आल्या. तू सहज डोकावलेलास. मी तोंड उघडायच्या आत म्हणालास, "हिला कुठे झेपतंय एवढं? शिवण म्हणजे तिचा विरंगुळा." बाई कापडाचा नमुना पिशवीत घालून निघून गेल्या. तू चहा मागितलास.

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकापाशी सिस्टर मला रागावल्या की माझ्या वतीने तूच उत्तर द्यायचास. तेव्हा किती बरं वाटायचं. आता मी साठीला आले रे.

तू गेल्यावर दुकान बंद करून मी हॉटेल गाठलं. बाईंनी विचारलं, "पण तुमचे भाऊ तर म्हणाले..."

"त्याला शिवता येत नाही," मी म्हटलं.

त्या हसल्या. मी हसले नाही. खिडक्यांची मापं घेताना चूक नको, म्हणून प्रत्येक माप दोनदा घेतलं. ऑर्डर मिळाली.

हे पत्र टाकणार नाही. रविवारी येशील तेव्हा समोर बसवून सगळं सांगेन, आणि मधे बोलू देणार नाही.

तुझी लाडकी, तुझ्यावर भयंकर चिडलेली,
बेबी