एकहाती वापरलेली, सीटा दोनच

तीर्थस्वरूप भावोजींना,

बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार. (साठी उलटलेल्या, ढेरी सुटलेल्या माणसाने स्वतःला बालक म्हणवून घेणं बरं दिसत नाही हे मला कळतं. पण मोठ्यांना पत्र लिहायची ही एकच रीत मला शाळेत शिकवली होती, आणि तुम्ही तर माझ्या चुका काढायला टपलेलेच असायचात.) आपली प्रकृती कशी आहे, एवढं लिहून पेन थबकतं, कारण आपण जाऊन आता वर्ष होत आलं. तरीही विचारतो. खोकला गेला का? इकडे सर्व ठीक आहे असं पुढे लिहायचं असतं, पण इकडे ठीक नाही, म्हणूनच हा पत्रप्रपंच. पोस्टात टाकून उपयोग नाही. हे पत्र मी तुमच्या लाल गाडीच्या डॅशबोर्डमधल्या कप्प्यात ठेवणार आहे. तुमचा सध्याचा मुक्काम तिथेच आहे अशी माझी खात्री झाली आहे.

त्या गाडीबद्दल माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही ताईशी लग्न केलंत तेव्हा मी हाफ पँटमध्ये होतो, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही ती कोरी गाडी घेऊन आमच्या फाटकाशी आलात. सीटा दोनच. एकीवर तुम्ही, दुसरीवर ताई. मागे छत्री आणि पिशवी ठेवायला एक अरुंद फळी. मी फाटकाला लटकून उभा. “एक चक्कर मारून येतो, मग तुला नेतो,” असं म्हणालात आणि धूळ उडवून निघून गेलात. मी अंधार पडेपर्यंत तिथे उभा होतो. तुम्ही परस्पर तुमच्या घरी गेलात. (मी हे उकरून काढत नाही. नुसती आठवण देतो आहे.) पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, टक्कल पडलं, पण त्या चकरेला माझा नंबर काही लागला नाही. दाराला हात लावला तरी तुम्ही रुमाल घेऊन बोटांचे ठसे पुसायला यायचात.

असो. तुमच्या मागे ताई एकटी पडली. तिला आमच्याकडे आणायचं ठरलं, आमच्या हीने खोलीसुद्धा झाडूनपुसून ठेवली, पण गाडीची व्यवस्था लागल्याशिवाय मी हलणार नाही असं ताईने सांगितलं. म्हणून आम्ही दोघंच तिच्याकडे राहायला आलो, आणि मी एका पारख्याला बोलावलं. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची किंमत ठरवणं हाच त्याचा धंदा, आणि तो सोडून जगात दुसरा काही विषय आहे याची त्याला कुणकुणही नाही. त्याने मला समोर उभं करून शिकवणी घेतली. जुन्या गाडीचं वय कोणी विचारत नाही म्हणे, अवस्था विचारतात. अवस्था चार. ओढायची, चालायची, मिरवायची आणि काचेत ठेवायची. एक पायरी चढली की भाव दुप्पट. (हाच हिशेब माणसांना लावला तर माझी पायरी कोणती, असं मी गमतीने विचारलं. त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि परत गाडीकडे वळला.) दुसरी गोष्ट पिढी. पहिल्या पिढीची गाडी म्हणजे गोल दिवे, चकाकता लोखंडी बंपर, पाटासारखी कडक सीट. दुसऱ्या पिढीत कंपनीने रबरी बंपर दिला, मऊ गादी दिली, गरम हवा दिली, आणि भाव कोसळला. माणसाला सुख देणारी गाडी शौकिनाला नको असते.

आता तुमची गाडी जन्माने पहिल्या पिढीची, पण तुम्ही तिची खिचडी करून ठेवलेली. ताईने शिकताना फाटकाच्या खांबाला ठोकली, तेव्हा तुम्ही दुसऱ्या पिढीचा रबरी बंपर बसवलात. ताईची पाठ दुखायला लागली, तेव्हा मऊ सीट आणलीत. तिला थंडी वाजते म्हणून हीटर. आणि खांबाला ठोकल्याचा तो पोचा मात्र का कोण जाणे, काढला नाहीत. पारख्याने हे सगळं बघून कपाळाला हात लावला. ना धड पहिली, ना धड दुसरी, अवस्था जेमतेम चालायची, तीही बोलण्यापुरती, कारण चाकं विटांवर, बॅटरी काढलेली, आणि टाकीत पेट्रोलचा वाससुद्धा नाही. जमेची बाजू एकच. गाडी एकहाती वापरलेली. मालक एकच, हात एकच, याला बाजारात मान आहे म्हणे. त्याने जो आकडा सांगितला त्यात आमच्याकडच्या खोलीला रंगही झाला नसता.

दोन आठवड्यांनी तो गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाईक म्हणजे दातांचा डॉक्टर, अशा गाड्या जमवण्याचा नाद असलेला. (तो बॉनेटसुद्धा ‘आ करा’ म्हटल्यासारखं उघडतो.) मी गॅरेजचं दार उघडलं, आणि भावोजी, काय सांगू. बंपर लोखंडी होता. चकाकत होता, त्यात माझा चेहरा दिसत होता. पोचा गायब. पारखी खूश झाला, मूळ सामान बसवलंत हे फार छान केलंत म्हणाला. मी काहीही बसवलं नव्हतं. मला साधा बल्ब बदलता येत नाही हे तुम्ही चारचौघांत पुष्कळदा सांगितलेलं आहे. मग त्याने मीटर पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. मागच्या वेळेपेक्षा आकडा कमी होता. मीटर मागे फिरवणं ही जुन्या गाड्यांच्या बाजारातली सर्वांत हलकी लबाडी आहे, आणि तुमच्यासारख्या घरंदाज माणसाकडून ही अपेक्षा नव्हती, असं तो मला डॉक्टरांदेखत बोलला. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी घरंदाज म्हणालं, तेही असं.

रुसवा काढायला मी त्याला आत बसा म्हटलं. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. जरा वेळ तो तळव्याकडे बघत राहिला. मग त्याने हळू आवाजात विचारलं, “एकहातीच आहे ना?” मी म्हटलं, एकहातीच. “मग तो हात काढायला सांगा,” एवढं म्हणून तो बाहेर आला आणि डॉक्टरांच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे भाव वाढवला.

मी ताईवर लक्ष ठेवायला लागलो ते त्यानंतर. दुपारी जेवण झालं की ती थर्मासमध्ये चहा भरते, स्कार्फ बांधते आणि गॅरेजमध्ये जाते. आपल्या जागेवर, डाव्या सीटवर बसते. मला वाटायचं, बसू दे बिचारीला, तेवढाच विरंगुळा. पण संध्याकाळी ती बाहेर यायची तेव्हा केस वाऱ्याने विस्कटलेले असायचे आणि डावा गाल उन्हाने रापलेला. उजवा तसाच. गॅरेजला खिडकी एकच, तीही उत्तरेला. एके दिवशी तिच्या स्कार्फमध्ये गवताचं कुसळ अडकलेलं होतं. मी विचारलं, ताई, कुठे गेली होतीस? तर म्हणाली, “कुठे म्हणजे काय? आत्ताच आलो.”

भावोजी, आमची ताई शुद्ध बोलते. आईने तिला तसं वाढवलं आहे. एकटी असली तर ती ‘आले’ म्हणते. ‘आलो’ म्हणजे दोघं.

तो शब्द ऐकल्यापासून मी रोज दुपारी गॅरेजच्या दारात स्टूल टाकून बसतो. एकदा कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. काचेतून पाहिलं तर गाडी विटांवरच, सीटा रिकाम्या, आणि स्वयंपाकघरात ताई नाही, माडीवर नाही, बागेत नाही. मी हाका मारमारून घसा कोरडा केला. चहाच्या सुमाराला गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मी कुलूप काढलं, तर ताई उतरत होती आणि चाकं गरम होती. दरवेळी मीटर थोडा मागे जातो आणि गाडी थोडी सुधारते. मऊ सीट गेली, पाटासारखी कडक आली. हीटर गेला. तुम्ही तिच्यासाठी प्रेमाने केलेलं सगळं एकेक करून जात आहे, आणि प्रत्येक गोष्टीमागे भाव चढतो आहे. ताईची पाठ दुखत नाही. केस काळे होत आहेत, आणि आमची ही मला विचारते आहे की वन्सं कोणता रंग लावतात.

खरं सांगतो, सुरुवातीला मला याचा रागही आला नाही. गाडी मिरवायची झाली होती, अजून थोडं थांबलो तर काचेत ठेवायची होईल, ताईचं पुढचं सगळं मार्गी लागेल, असा मी विचार केला. मग मागच्या आठवड्यात ताईने मला विचारलं, तुझ्यासाठी मुलगी बघायची की नाही? आमची ही शेजारी बसून वाटाणे सोलत होती. ताईने तिच्याकडे पाहुणीकडे बघावं तसं पाहिलं आणि पाणी हवं का विचारलं. परवा मला म्हणाली, “गणिताचा पेपर कसा गेला?” मी सांगितलं, बरा गेला. दुसरं काय सांगणार? तिने माझ्या टकलावरून हात फिरवला, केस असल्यासारखा, आणि मला रडू आलं.

पारखी काल एकटा आला. लांबूनच, दारातून बघून गेला. मीटर आता शून्याला टेकत आला आहे. पहिली पिढी, सगळं मूळ, एकहाती, काचेत ठेवायची. असा नग त्याने जन्मात पाहिला नाही म्हणे. शून्यावर आली की लगेच सही करा, पण त्याच्यापुढे थांबू नका, असं तो जाता जाता म्हणाला. मी विचारलं, शून्याच्या मागे मीटर कुठे जातो? तर म्हणाला, मीटर कुठे जात नाही साहेब, तिथे गाडीच नसते. मग आत बसलेल्यांचं काय, हे मी विचारलं नाही. तोही घाईत होता.

तेव्हा आता कळकळीची विनंती. तुम्ही गाडीतून उतरा. तुम्हाला ती आवडते हे मान्य, पण मला एकच बहीण आहे. तुम्हाला ती पन्नास वर्षं मिळाली, त्याआधी ती माझी होती. मला अंघोळ तिने घातली, पाढे तिने शिकवले, आणि त्या संध्याकाळी फाटकाशी मी उभा होतो तोही काही तुमच्यासाठी नव्हे. गाडी हवी तर घेऊन जा, डॉक्टरांना मी बघून घेतो. ताईला इथे ठेवा. काळजीने माझी अवस्था ओढायची झाली आहे. पँटी कमरेत सैल होत आहेत (आमची ही म्हणते, झाल्या तर बरंच आहे), आणि काल चपलाही पायातून सुटत होत्या.

थोरांना नमस्कार सांगावा. तिकडे आमचे आईबाबा भेटत असतील तर माझा पेपर बरा गेला असं कळवावं.

आपला,
बालक

ता. क. डॉक्टर सकाळी पैसे घेऊन आले होते. त्यांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा गाडी एकहाती नाही, असं सांगून मोकळा झालो.

ता. क. वर जे उतरा-बितरा लिहिलं आहे ते रागाच्या भरात लिहिलं आहे, मनावर घेऊ नये. माझ्या हिशेबाने उद्या मीटर शून्यावर येईल, गाडी पुन्हा कोरी होईल. म्हणजे उद्या दुपारी तुम्ही दोघं आमच्या फाटकाशी असाल, आणि मीही असेन. या वेळी ‘मग नेतो’ म्हणू नका. सीटा दोनच आहेत हे मला माहीत आहे, पण मागची फळी रिकामी असते. महिन्यापूर्वी मी तिथे बसून बघायला गेलो होतो, तेव्हा माझी एक मांडीसुद्धा आत गेली नव्हती. आज परत बसून पाहिलं. मावलो.

ता. क. आमच्या हीला यातलं काही माहीत नाही. ती वाटाण्याची उसळ करते आहे, गरम असतानाच खायला ये म्हणाली. तिला मी एवढंच सांगितलं आहे की एक चक्कर मारून येतो.