मागच्या खोलीची व्यवस्था

मी, या घरातला धाकटा, ज्याला वडिलांनी पायांवरून 'भिंगरी' हे नाव ठेवलं आणि तेच टिकलं, आज स्वखुशीने, कोणी भरीस घातलेलं नसताना, माझ्यामागे काय कोणाचं ते लिहून ठेवतो. बुद्धी स्थिर आहे. पाय स्थिर नाहीत, पण वकीलकाका म्हणाले की कायदा पायांचं विचारत नाही.

माझं वय मृत्युपत्राचं नाही हे मान्य. पण उद्या मी मालवाहू बोटीवर खानसाम्याच्या हाताखाली कामाला जातोय, आणि तिथल्या मुकादमाने बजावलं, "जे काही असेल नसेल ते घरी लिहून ये. नंतर नातेवाईक आमचं डोकं खातात." वकीलकाकांनी नमुनाही दिला. तो अर्ध्या पानात आटपतो. माझं तसं कुठे होतं!

कलम १. माझी स्वतःची जंगम मालमत्ता: पाठीवरची सॅक, तंबू (एका बाजूने गळतो, त्या बाजूला डोकं करू नये), चाकू आणि माउथ ऑर्गन. चाकू खालच्या मजल्यावरच्या टेलरकाकांना. त्यांनी शाळेत असताना माझी पँट घोट्याच्या वर शिवली होती आणि वर मलाच म्हणाले होते, "तू वाढलास, पँट तिथेच आहे." तो राग मी आजवर सांभाळला. चाकूबरोबर तोही परत. बाकीचं ज्याला हवं त्याने घ्यावं, भांडू नये. भांडण्यासारखं त्यात काही नाही.

कलम २. वडिलांकडून आलेल्या वस्तू. इथे थोडं सांगावं लागेल, नाहीतर वाटणी कळणार नाही.

बाबा स्टेशनजवळच्या एका हॉटेलात मॅनेजर होते. लहान हॉटेल, लाकडी जिना, प्रत्येक मजल्यावर एक आरसा. निवृत्त झाले तरी मॅनेजरकी सुटली नाही. घरातल्या घरात दारावर दोनदा टकटक केल्याशिवाय आत यायचे नाहीत. चादरीचे कोपरे असे दुमडायचे की झोपणाऱ्याला आपण पाकिटात शिरतोय असं वाटावं. शेवटच्या आजारात हॉस्पिटलात डोळे उघडले तर पहिलं काय बोलले? वॉर्डबॉयला म्हणाले, "कोपरा छान काढलास." तो बिचारा इतका खूश झाला की रोज दोनदा चादर बदलायला यायचा.

त्यांचे काळे बूट मला होत नाहीत. ते पॉलिश करून ठेवावेत, बस्स. गिऱ्हाइकं विसरून गेलेल्या छत्र्या, चष्मे आणि एका माणसाची कवळी, हे सगळं हॉटेल बंद पडल्यावर त्यांनी घरी आणलं. तेही टाकू नये. "माणूस परत येतो," असं ते म्हणायचे. कवळीचा मालक इतकी वर्षं काय खात असेल, हे मी विचारलं तेव्हा मात्र ते हसले नव्हते.

काउंटरवरची पितळी घंटा भाचीला, म्हणजे चिमणीला. घरी बाबांनी ती कधी वाजवू दिली नाही. त्यांच्या मते गिऱ्हाइकाला घंटा वाजवावी लागली तर चूक आपली. चिमणीने ती खुशाल वाजवावी.

कलम ३. हॉटेलमालकाच्या मुलाला मी काहीही देत नाही. कारण असं की दुसऱ्या मजल्यावर टोकाला, लॉन्ड्रीच्या शेजारी, एक छोटी खोली होती. ती बाबा कधी बुकिंगला लावायचे नाहीत. सगळं हॉटेल भरलं तरी ती मोकळी. मालकाचा मुलगा म्हणाला, "मॅनेजर, ही खोली रिकामी ठेवून तुम्ही माझं नुकसान करताय." बाबा म्हणाले, "रिकामी नाही साहेब, तयार आहे." त्यावरून त्याने चारचौघांत बाबांचा पाणउतारा केला. खोली तरीही तयारच राहिली. आईची आणि बाबांची पहिली भेटही त्याच काउंटरवर झाली, पण ते आई सांगेल. मी सांगायला लागलो तर बोट चुकेल.

कलम ४. मला त्यांनी एकदा रिसेप्शनला उभं केलं होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत मी तीन गिऱ्हाइकांबरोबर फिरायला जायचं ठरवून बसलो होतो. बाबांनी हळूच माझ्या कोटावरचा बिल्ला काढला. म्हणाले, "अरे, तू स्टाफ नाहीस. तू गेस्ट आहेस." मला ते फार लागलं. आपल्याच बापाने आपल्याला गेस्ट म्हणावं! पण त्यानंतर मी जेव्हा जेव्हा घरी आलो, न कळवता, कधी महिन्याने तर कधी वर्षाने, तेव्हा मागच्या खोलीत चादर ताजी, तांब्या भरलेला, उशीवर टॉवेल. बाबा गेल्यावर आई तेच करते. दर शनिवारी, मी असो नसो.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. बाबांनी घर आईच्या नावे ठेवलं, फक्त ही मागची खोली माझ्या. ताईला त्यांनी साठवलेलं सगळं आधीच दिलं होतं; ते तिच्या नवऱ्याच्या दुकानात गेलं, दुकान गेलं, मग नवराही गेला, म्हणजे जिवंत आहे, दुसरीकडे राहतो. ताई आणि चिमणी गेल्या वर्षी इकडे आल्या. तेव्हापासून दोघी हॉलमधल्या सोफ्यावर झोपतात. ताई मागत नाही, आई देत नाही. तर माझ्या पश्चात ही खोली ताईला मिळावी.

इथवर लिहून मी मोठ्याने वाचून दाखवलं. साक्षीदार समोर बसले होते: टेलरकाका, आणि हॉटेलातल्या लॉन्ड्रीच्या मावशी, ज्यांनी आयुष्यभर बाबांच्या चादरी धुतल्या.

मावशी म्हणाल्या, "पश्चात म्हणजे? तू मेल्यावर?"

"हो मावशी, मृत्युपत्र आहे."

"आणि तोवर ही पोर पाय पोटाशी घेऊन झोपणार? तू तर चांगला धडधाकट दिसतोस."

स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "मावशी, मला चालतं हो. सवय झाली."

"तुला चालतं गं. सोफ्याला विचार."

टेलरकाका हसले. आई हसली नाही. मांडीवरच्या उशीचा अभ्रा नीट करत म्हणाली, "ती खोली ह्यांनी त्याच्यासाठी ठेवलीय. ह्यांचा नियम होता."

"नियम मला नका सांगू वहिनी," मावशी म्हणाल्या. "टोकाच्या खोलीच्या चादरी मीच धुतल्या. तिच्यावर कुणाचं नाव नव्हतं. मॅनेजरसाहेब म्हणायचे, दारात जो उभा असेल त्याची."

ताई हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. तिला काही ऐकू गेलं होतं की नाही कोण जाणे. चिमणी तिच्या पदराला धरून. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझंही बुकिंग नव्हतं."



"मुलाखतीला आले होते. परतीची गाडी रद्द झाली. सगळीकडे नाही म्हणाले. ह्यांच्यापुढे उभी राहिले तर नाव विचारायच्या आधी किल्लीच पुढे केली." आई उठली. "चल गं. ताज्या चादरी वरच्या फळीवर आहेत. आणि कोपरे मी काढीन, तुला जमत नाहीत."

"आणि हा?" ताईने माझ्याकडे बोट केलं.

"हा काय, गेस्टच आहे," आई म्हणाली. "त्याचं मी बघते."

कलम ६. सबब कलम ५ रद्द. मागची खोली ताईची, आजपासून, माझ्या मरणाची वाट न बघता. वकीलकाका म्हणतील की जिवंतपणी द्यायचं तर वेगळा कागद लागतो. तो त्यांनी करावा, मी सकाळी निघायच्या आधी सही करतो. खोलीत शिरताना चिमणीला सोडून सगळ्यांनी दोनदा टकटक करावी.

कलम ७. आता माझ्याकडे स्थावर असं काही उरलं नाही. फार हलकं वाटतंय. माणूस परत येतो, एवढं आईने लक्षात ठेवावं.

साक्षीदार:
१. लॉन्ड्रीच्या मावशी (अंगठा नाही, सही केली आहे, आणि तसं लिही म्हणाल्या)
२. टेलरकाका (चाकू आत्ताच मागत आहेत, दिला नाही)

सही: भिंगरी

दिनांक: बोटीच्या आदला दिवस, शनिवार.

ठिकाण: हॉलमधला सोफा. लांबीला जरा कमी पडतो. पण आईने चादरीचे कोपरे दुमडून, तांब्या भरून, उशीवर टॉवेल ठेवलाय. तयार आहे.