दातांवरचा लेप आणि माझी पूर्वतयारी

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. नोकरी लागून दोन आठवडे झाले, म्हणजे नोंदी चौदा दिवस उशिरा सुरू होत आहेत. पण ते दिवस निरीक्षणाचे होते.

पद: रुग्ण-मार्गदर्शक. दातांचा दवाखाना, दुसरा मजला, जिन्यासमोरचं टेबल. थंड-गरम लागून ज्यांचे दात ठणकतात अशा मोठ्या माणसांना आमच्या डॉक्टरबाई दातांवर वार्निशचा लेप लावतात. लेप म्हणजे काय, ते आधी मी समजावायचं, मग माणूस आत जाणार. मला कायम करायचं की नाही ते अठ्ठावीस तारखेला ठरेल. मला शंका नाही. घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिलीच नोकरी लोकांचं दुःख कमी करणारी.

आतल्या खोलीत मी अजून गेलेले नाही. तिथे माझं काम नसतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार
संकल्प: रुग्णापासून काहीही लपवायचं नाही. सत्य ऐकणं हा त्याचा हक्क आहे.

पहिले आले एक शिंपी. गार पाण्याने दाढेत कळ जाते म्हणाले. मी चित्र काढून दाखवलं. दाताचं कवच झिजलं की आतल्या बारीक नळ्या उघड्या पडतात, गार पाणी त्यांतून थेट शिरेपर्यंत जातं, लेपाने त्या नळ्यांची तोंडं बंद होतात. लेप लावण्याआधी दातांवर वारा मारून ते कोरडे करतात, तेव्हा कळ येऊ शकते, हेही सांगितलं. कोणाला वावडं असेल तर ओठ सुजू शकतात. सुई टोचत नाहीत, हे त्यांनी विचारलं नव्हतं तरी तीनदा सांगितलं.

त्यांनी कपाळ पुसलं. म्हणाले, ताई, गाडी जरा चुकीच्या जागी लावलीय, आलोच. दुपारपर्यंत आले नाहीत. पार्किंग लांब मिळालं असावं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आजवर नऊ जणांना समजावलं. आत गेले शून्य. नऊही जण विचार करायला घरी गेले. घाईत हो म्हणणाऱ्यापेक्षा विचार करणारा रुग्ण केव्हाही बरा.

सिस्टर म्हणाली, अगं, तू त्यांना समजावतेस की शेवटचा निरोप देतेस? सिस्टर दहा वर्षं त्याच खोलीत आहे. माणूस बोथट होत असेल.

८ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी
अडचण. डॉक्टरबाईंनी मला पाणी पिताना पाहिलं. मी मान डावीकडे वाकवून, पाणी जिभेवर गरम करून मग गिळते. गेली दोन वर्षं असंच पिते. उजवीकडे गेलं तर कळ थेट कानात जाते. ही सवय आहे, आजार नाही.

त्या म्हणाल्या, म्हणजे तुलाही आहे की! मग आधी तू लावून घे. स्वतः न चाखता वाढणारीच्या हातचं कोण खाईल? महिना संपायच्या आत. नाहीतर त्या टेबलावर दुसरं कोणीतरी बघावं लागेल.

हसत म्हणाल्या. पण 'दुसरं कोणीतरी' हे शब्द म्हणताना हसल्या नाहीत.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. खुर्ची दिसली. फिकट हिरवी. वर दिवा, लांब मानेचा. माझ्याकडेच वळलेला होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार
शांतपणे विचार केला. मी घाबरलेली नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. लेपाने फरक पडतो हे सिद्ध करायचं तर तुलनेसाठी लेप न लावलेला एक माणूस हवा. या दवाखान्यात तो माणूस मी आहे. मी लेप लावला तर तुलना कोणाशी करणार?

हे डॉक्टरबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: सोमवार, पाच वाजता. पुढे माझं नाव.

रात्री जेवणात डाळसुद्धा कोमट करून घेतली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
घरी रंगीत तालीम. बाबांची आरामखुर्ची मागे टेकवली. धाकट्या भावाने बॅटरी धरली आणि चित्रकलेचा ब्रश घेतला. ब्रश दाताला लागायच्या आत माझा पाय उडाला. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात, मी दुसऱ्या वर्षाला शिकले आहे. त्यात मनाचा काही संबंध नसतो.

धाकटा गुडघ्याला बर्फ लावून बसला आहे. म्हणाला, ताई, सोमवारी डॉक्टरबाईंना हेल्मेट घालायला सांग.

आई शर्टाला काजं करत होती. कपड्यांच्या दुकानाचं काम ती घरीच करते. मान वर न करता म्हणाली, लहानपणी केस कापायला नेलं तरी अशीच करायचीस. मी तिला म्हटलं, केस आणि दात यांत फरक आहे. ती म्हणाली, हो, केस ओरडत नाहीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार, सायंकाळी
पाच वाजता जाणार होतेच. चार पन्नासला लक्षात आलं की फायलींच्या खोलीत तीन वर्षांच्या फायली वाटेल तशा पडल्या आहेत. हे कोणीतरी करायलाच हवं होतं. दार आतून लावलं, धूळ बाहेर जाऊ नये म्हणून. साडेसहापर्यंत 'फ'पर्यंत पोचले.

बाहेर आले तेव्हा डॉक्टरबाई हात धूत होत्या. म्हणाल्या, फायली छान लागल्यात. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवा संकल्प: एकदम उडी नको. आधी खुर्चीशी ओळख.

१९ फेब्रुवारी, बुधवार
सगळे जेवायला गेले असताना आत गेले. एकटी. खुर्चीवर बसले! पूर्ण बसले, टेकून. नोंद घ्यावी: नाडी थोडी जलद, तळवे ओले, बाकी उत्तम.

मग पायाखाली काहीतरी दाबलं गेलं आणि खुर्ची आपोआप मागे जायला लागली. मागे, अजून मागे. डोकं खाली, पाय वर. दिवा पेटला. उठता येत होतं. पण मी न उठण्याचा निर्णय घेतला आणि डोळे मिटले.

वीस मिनिटांनी सिस्टर आली. म्हणाली, अगं बाई, आहेस ना? मी म्हटलं, आहे. तिने खुर्ची सरळ केली आणि मला ग्लासभर पाणी दिलं. गार होतं. मान वाकवून प्यायले.

एकंदरीत प्रगती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. म्हणजे त्यांच्या ऑफिसात, त्या खोलीत नाही. लेपासाठी आलेले तेवीस. लेप लावलेले दोन. मी म्हटलं, दोन म्हणजे सुरुवात आहे. त्या म्हणाल्या, त्यातले एक आजोबा कानाचं यंत्र घरी विसरले होते. आणि दुसऱ्या बाई आल्या तेव्हा तू जेवायला गेली होतीस.

मग हळू आवाजात म्हणाल्या, तू खोटं काहीच सांगत नाहीस, तेच सांगतेस जे मी सांगेन. पण सांगताना तुझा चेहरा बघ एकदा.

घरी येऊन आरशासमोर 'काही दुखत नाही' असं म्हणून पाहिलं. मलाच घरी जावंसं वाटलं. मी घरीच होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार
चार दिवस उरले. झोप नाही. बाबांनी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. परवा खालच्या वाण्याने विचारलं, पोरगी दवाखान्यात असते म्हणे? बाबा म्हणाले, असते म्हणजे, तिच्या सांगण्याशिवाय डॉक्टर कोणाला हात लावत नाहीत.

हे एका अर्थी खरं आहे. म्हणूनच वाईट वाटलं.

ही नोकरी गेली तर बाबा वाण्यासमोरून कसे जातील? दुसऱ्या बाजूने जाता येतं, पण तो रस्ता लांबचा आहे.

उद्या नक्की. उद्या सकाळी, कोणी यायच्या आत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी जिन्यात पाय मुरगळल्यासारखा वाटला. खात्री करायला अर्धा तास पायरीवर बसले. मुरगळलेला नव्हता. तोपर्यंत रुग्ण आले.

२६ फेब्रुवारी, बुधवार
गडबडीत डबा विसरले. दुपारी आई घेऊन आली. पहिल्यांदाच आली दवाखान्यात. मी म्हटलं, बस दोन मिनिटं, मी एका बाईंना समजावते. गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या, गार हवेत तोंड उघडलं की दात झिणझिणतात म्हणाल्या. मी नळ्यांपर्यंत आले तशा त्या पर्स छातीशी धरून उठल्या.

आई म्हणाली, अहो, पर्स द्या इकडे, मी सांभाळते. बाईंनी दिली. का दिली, कळलं नाही. आई म्हणाली, बाहेर बसून दुखायचं ते आत बसून दुखू द्या, निदान डॉक्टर जवळ असतील. जा. पर्स कुठे पळत नाही.

बाई आत गेल्या. पाच मिनिटांत बाहेर आल्या. म्हणाल्या, एवढंच?

संध्याकाळपर्यंत आई हलली नाही. चार जण आत गेले. चौघांच्या पिशव्या आईच्या मांडीवर. पिशवी तिथे असल्यावर माणूस जाणार कुठे?

आईची पद्धत शास्त्रीय नाही. तिने नळ्यांचा एकदाही उल्लेख केला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार, सायंकाळी
आज डबा मी नेला होता. तरी आई आली. म्हणाली, चटणी राहिली होती. डब्यात चटणी होती.

साडेपाचला ती माझ्या टेबलाशी आली आणि माझ्या हातातून माझी पर्स काढून घेतली. चावी, मोबाइल, घरी जायचा पास, सगळं त्यात. मी तिच्याकडे पाहिलं. ती कोणाच्या तरी शर्टाचं बटण बघत होती.

आत गेले. दिवा आला. डॉक्टरबाईंनी कापूस ठेवला, वारा मारला, कळ थेट कानात गेली. आई गं असं म्हटलं, असं सिस्टर म्हणते. बाहेर दोन रुग्ण उठून उभे राहिले म्हणे, पण त्यांच्या पिशव्या आईकडे होत्या.

मग मऊ ब्रश. पिवळसर, चिकट, थोडा गोड लेप. लाळ लागली की घट्ट होतो. मी दुसऱ्या ओरडण्याच्या तयारीत होते, तेवढ्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, ऊठ, झालं. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं. दोन वर्षं मान वाकवून पाणी प्यायले, ती या चार मिनिटांसाठी.

डॉक्टरबाईंनी विचारलं, ब्रश किती वेळा करतेस? मी अभिमानाने सांगितलं, चार वेळा, कडक ब्रशने, जोर लावून. त्या म्हणाल्या, म्हणूनच हिरड्या वर सरकल्यात. आज ब्रशला हात लावू नकोस, गरम-कडक काही खाऊ नकोस. उद्यापासून मऊ ब्रश. काही महिन्यांनी पुन्हा लावू.

अट पूर्ण झाली आहे. उद्या कायम होणार. बाबांना आत्ताच सांगितलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
गार पाणी सरळ मानेने प्यायले. जराशी कळ आली, पूर्वीसारखी नाही. ही चांगली बातमी.

मला कायम केलं. फायलींच्या खोलीत. 'फ'च्या पुढे कोणीतरी न्यायला हवंच आहे, म्हणाल्या. जिन्यासमोरच्या टेबलावर सोमवारपासून आई बसेल, रोज दुपारी तीन तास.

आई म्हणाली, मला लिहिता-वाचता धड येत नाही, चालेल का? डॉक्टरबाई म्हणाल्या, अर्ज मुलगी भरून देईल.

आत्ताच भरला. नाव, पत्ता. शिक्षण: चौथी. पुढे 'अशा कामाचा अनुभव' असा रकाना होता. विचारलं, इथे काय लिहू? आई सुईत दोरा ओवत म्हणाली, लिही, बावीस वर्षं एका भित्र्या मुलीला सांभाळलं.

जागा कमी होती. 'बावीस वर्षं' एवढंच लिहिलं.